भाडेचिठ्ठी कोणाच्या नावानं

१ जुलै १९५५, शुक्रवार. मूल

शाळा उघडली. दुसरीचा वर्ग मिळाला. एकेचाळीस मुली, फळा एकच, तोही तिसरीशी वाटून. ते चालेल. राहायचं कुठे ते कळत नाही.

सध्या शांताबाईंच्या ओसरीवर. शां. बाई चौथीला शिकवतात, यजमान दवाखान्यात कंपाउंडर. माणसं भली. पण यजमान घरात शिरताना माझ्यासाठी तीनदा खोकतात, मी पदर सावरून उठते, असं दिवसातून सहा वेळा. दोघांचाही जीव मेटाकुटीला. शां. बाईंना पाचवा महिना. पोळ्याला त्यांच्या सासूबाई येणार बाळंतपणासाठी. बाज कुठे टाकायची, यावर आज बोलणं निघालं. शां. बाईंनी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं.

म्हणजे पोळ्यापर्यंत घर.

शाळा सुटल्यावर बाजारगल्लीत एक खोली पाहिली. रंग नवा, चूल बाहेर, आठ रुपये. घरमालकीण गोड.

"तुमचे मालक कुठी असतात?"

"नाहीत."

"म्हंजे बदलीवर?"

"वारले. तीन वर्षं झाली."

"अगं बाई." मग जरा थांबून, "खोली द्याची नाई ना आमाले. धान ठेवाचं आहे."

जुलैत धान! रोवणी व्हायची आहे अजून.

५ जुलै, मंगळवार

आज दोन घरं. पहिल्यात दारातूनच परत. दुसऱ्या घरचे भाऊ तयार झाले. नऊ रुपये, आणि अटी: दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं नाही, कोणी भेटायला यायचं नाही, विहिरीवर आमच्या बायकांचं झाल्यावर यायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. इतकं पटापट हो म्हटलं की मलाच लाज वाटली. आगाऊ भाडं काढायला पिशवीत हात घातला तोवर आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "एकली बाई मी नाई ठेवत घरात. सांगून द्या."

भाऊ हसले. "ऐकलं ना बाई तुमी."

ऐकलं.

१० जुलै, रविवार

मोठ्या बाईंनी (आमच्या हेडबाई) बोलावून सांगितलं, घरात कोणी मोठं माणूस असल्याशिवाय मूलमध्ये तुम्हाला कोणी खोली देणार नाही, आई नाही का? आई नाही. भाऊ? नाही. मग सासरचं कोणी?

मामाजींना कार्ड टाकलं. पोस्टमन त्यांच्या गावात आठवड्यातून एकदा जातो आणि कार्ड वाचून दाखवायचेही पैसे घेतो, म्हणून दोनच ओळी लिहिल्या.

मामाजी म्हणजे माझे सासरे. 'हे' माजरीच्या खाणीवर होते, तीन दिवसांच्या तापात गेले. तेव्हा गावात सगळे म्हणत होते, पोरीचा पाट लावून द्या, आपल्यात चालतं. मामाजी म्हणाले, तिला विचारा. मी म्हटलं शिकते. त्यांनी मला नॉर्मल स्कूलला, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला, पाठवलं. स्वतः चिखलगावच्या तळ्याबाहेर फारसे गेलेले नाहीत, पासष्ट वर्षं तिथेच मासे धरतात, शिंगाडे लावतात. आता मी त्यांना म्हणते, तळं सोडून या आणि माझ्या खोलीत मोठं माणूस म्हणून बसा.

१६ जुलै, शनिवार

आले. आठ कोस पायी, खांद्यावर कावड. एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला गोधडी, तांदूळ आणि माझ्यासाठी सुके झिंगे, चांगली पायलीभर. झिंगे शां. बाईंच्या ओसरीवर ठेवले. शां. बाईंना वास सहन होईना, बिचारी न्हाणीत जाऊन ओकली. कंपाउंडर पाच वेळा खोकले.

मामाजींची झोपायची सोय मारुतीच्या देवळात.

"जाळं कशाले आणलं जी?"

"अशा गावात तरा बी असंनच ना."

तळ्याला तरा म्हणतात, शाळेला शारा. मुलींपुढे माझ्या तोंडून असं काही निघू नये म्हणून मी दोन वर्षं जीभ घासली आहे.

१७ जुलै, रविवार

सकाळी सातला मामाजी हजर. घर सापडलं म्हणाले! मी सहा आठवडे लागतील असं धरून बसलेली, यांना एक रात्र पुरली. कुठे? तर ढिवरपुऱ्यात, आमच्याच जातीच्या मासेमारांच्या वस्तीत, तळ्याच्या पाळीला (बांधाला). जाईबाई नावाची म्हातारी, मुलगा बल्लारपूरला कामावर, अर्धं घर रिकामं. पाच रुपये.

मी नाही म्हटलं.

"काऊन?"

काय सांगणार. म्हटलं, "तराच्या काठचं घर. भिंत ओली असते."

"तुनं पायली का भिंत?"

"नाई."

माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "ओली असंन," म्हणाले. पुन्हा विषय नाही.

१९ जुलै, मंगळवार

निवृत्त पटवारी, वेशीजवळ. मामाजींना धुतलेलं धोतर नेसवून नेलं, वाटेत बजावलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पटवाऱ्यांनी बसायला चटई दिली. पण विचारलं थेट मामाजींनाच.

"मासे-बिसे खाता का?"

"खातो? धरतो जी!" छाती पुढे काढून.

चटई उचलायचीच बाकी राहिली होती.

रस्त्यात तेच म्हणाले, "त्यानं इचारलं, मंग मी सांगतलं." खरं आहे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हाच करार होता.

२४ जुलै, रविवार. नागपंचमी

सुट्टी. चार घरं. एकात बाळंतीण, एकात जात विचारून "कळवतो". तिसऱ्यात म्हैस बांधलेली, ती काढून देतो म्हणाले, पण ती रोज संध्याकाळी आपल्या जागी येईल हेही सांगितलं. चौथं मला आठवत नाही. पाय दुखले.

३१ जुलै, रविवार

मी आता चिडून लिहिते आहे, उद्या वाचून कदाचित हसेन.

आज जमलंच होतं. डाकघराच्या मागे एक खोली, सात रुपये. मालक तरुण, गिरणीत मुनीम, त्याला जात-बित काही पडलेलं नाही. मी आगाऊ भाडं देणार, तेवढ्यात पाहते तो मामाजी नाहीत. वरून खडखड. शिडी लावून छतावर!

"ये भाऊ, तुहे कवेलू फुटले ना! ह्ये पाय, ह्ये पाय. चौदा." कौलाचा एक तुकडा काढून खाली दाखवला. मग दुसरा. आधी गळत होतं तिथे आता आभाळ दिसायला लागलं. मुनीम आधी हसत होता. मग शेजारची चार माणसं जमली, एकजण म्हणाला, "सात रुपयात चाळणी द्यून राह्यला का रे?" मुनीमाचं तोंड उतरलं. म्हणाला, तुम्ही दुसरीकडे पाहा.

मी म्हटलं, "मामाजी, कवेलू मागून बसवून घेतले असते ना!"

"मंग कोन बसवते? पैशे घेतल्यावर?"

उत्तर बरोबर. घर मात्र गेलं. यांचं प्रत्येक उत्तर बरोबर असतं आणि माझी ट्रंक ओसरीवरच.

६ ऑगस्ट, शनिवार

मिळालं! देवाची कृपा. गोविंदभाऊ कापडवाले, दुकानाच्या मागची बाजू. दोन खोल्या, आत चूल, मागे स्वतंत्र अंगण. मोठी खिडकी, गज लावलेली, समोर कडुनिंब. शाळा हाकेच्या अंतरावर. त्यांची सुमन माझ्याच वर्गात, तिच्या आईने शब्द टाकला. दहा रुपये. पंचावन्न पगारात दहा म्हणजे जड आहे, पण मी खिडकीकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

जात सांगितली. गोविंदभाऊ म्हणाले, "मले काही नाई जी. फक्त मासोळी घरात नाही शिजवाची. दुकानात कपड्याले वास धरते."

मी मामाजींकडे पाहिलंच नाही, हिंमत झाली नाही. तेच म्हणाले, "नाई शिजवत."

वाटेत म्हटलं, "मामाजी, तुमाले जमंन का?"

"देवळात कुठी शिजवून राह्यलो मी?"

आज झोप लागेल.

८ ऑगस्ट, सोमवार

सगळं बसलं पाण्यात. क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

संध्याकाळी चिठ्ठी करायला गेलो. गोविंदभाऊंनी दुकानाच्या गादीवर बसून स्वतःच्या हाताने लिहिली, शाईची डबी मामाजींपुढे सरकवली. मामाजींनी अंगठा बुडवला. मग मला म्हणाले, "काय लिवलं, वाच त."

मी वाचलं. लिहून देणार सोमा वल्द भिका, जात ढिवर, राहणार चिखलगाव, हल्ली मूल...

"तुहं नाव कुठी हाये?"

"सूनबाई तुमच्यासोबत राहतीनच ना," गोविंदभाऊ म्हणाले.

"भाडं कोन देईन?"

"त्याच देतीन. त्यांचाच पगार आहे."

"मंग नाव तिचं लिव."

"बाईमानसाच्या नावानं चिठ्ठी नसते करत, बुवा. उद्या काही झालं तर मी कोनाले धरू?"

"तिले धर. शारेत जाऊन धर. मी त उद्या मरून जाईन, मंग मले कुठी धरशीन?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. गोविंदभाऊंना ते हसणं लागलं. चिठ्ठी अशीच होईल म्हणाले, नाहीतर नाही. मी मध्ये पडले, "असू द्या मामाजी, कागदच तर आहे." मामाजींनी शाईचा अंगठा कागदाजवळ नेला, थांबले, तो धोतराला पुसला आणि पायऱ्या उतरून निघाले. मी गिऱ्हाइकांसमोर तशीच उभी. गोविंदभाऊंनी चिठ्ठी घडी करून गल्ल्यात टाकली. नंतर बघू म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मूलमध्ये राहून मला कळायला लागला आहे.

तळ्याच्या वाटेला गाठलं त्यांना. बोलले. लिहायला नको, पण लिहिते. म्हटलं, "तुमी आले म्हनून घर मिळंन वाटलं होतं मले. तुमच्यापायीच नाई मिळून राह्यलं. पटवाऱ्याचं गेलं, मुनीमाचं गेलं, हे बी गेलं. गावाकडंच राहाचं होतं तुमी."

ते चालत राहिले. म्हणाले, "खानीवरून पोराचे पैशे आले, तवा कागदावर मीच अंगठा लावला. थे तुहे होते. थोरला पोरगा म्हने, बैलजोडी घेऊ. गावात लोकं अजून म्हनतात, सोम्यानं सुनेले शिकवलं, लय मोठं मन. मी काय शिकवलं? तुहेच पैशे तुले देल्ले. पन अंगठा माह्या, म्हनून नाव माह्यं झालं. आता तुह्या पगाराचं घर बी माह्या नावानं करू का?"

मी म्हटलं, "मले खिडकी पायजे होती."

"दुसरीकडं असंन खिडकी."

नाही ना! हेच त्यांना कळत नाही. दुसरीकडे नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

मामाजी सकाळी आले नाहीत. शाळेत लक्ष नव्हतं. सुमनला विनाकारण रागावले, नंतर वाटलं बापाचा राग पोरीवर काढते आहे. संध्याकाळी देवळात गेले. गोधडी नाही, कावड नाही. पुजारी म्हणाला पहाटेच उठून गेले.

गेले. मीच म्हटलं होतं, गावाकडंच राहाचं होतं.

१० ऑगस्ट, बुधवार

दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या बाईने सांगितलं, तुमचे सासरे ढिवरपुऱ्यात बसून आहेत. शाळा सुटली तशी गेले. एवढे दिवस मूलमध्ये आहे, त्या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. वर्गातल्या तीन मुली तिथून येतात. मला बघून धावत आल्या, "बाई आल्या, बाई आल्या", आणि मग पुढे काय करावं ते न कळून नुसत्याच मागे मागे.

मामाजी एका दारात बसून दुसऱ्याचं जाळं सांधत होते. शेजारी एक काळीसावळी म्हातारी, तोंडात तंबाखू. जाईबाई. तिनेच तोंड उघडलं. "तुमीच का थ्या मास्तरीन? माह्यं घर न पायताच तुमी नाई म्हनलं?"

मामाजींनी सांगितलेलं दिसत होतं. मान खाली घालून जाळं सांधत होते.

मी बघून घेते म्हटलं. आत गेले. दार ठेंगणं, कपाळ आपटलं. एक खोली, एक पडवी. खिडकी नाही. मागच्या भिंतीला हात लावला. ओलीच होती. गुडघ्यापर्यंत गार, ओली, पोपडे सुटलेले. मी खोटं बोलले होते आणि ते खरं निघालं. हसू आलं, मग डोळ्यात पाणी, मग पुन्हा हसू. जाईबाईला वाटलं भिंतीला हसते.

"तराचं पानी सुटल्यावर सुकते थे," म्हणाली, "होरीपर्यंत."

होळीपर्यंत!

रात्रभर विचार नाही केला, तिथेच उभ्याने केला. मी बाजारगल्ली धरून का बसले होते? शाळेजवळ म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण जाईबाईच्या घरापासून शाळा फार तर दहा मिनिटं आहे, मी चालून पाहिलं. खरं हे की तळ्याच्या पाळीवरून उठून मी इथवर आले आणि पुन्हा पाळीवरच राहायला जाणं मला नको होतं. मामाजींना हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. "ओली असंन," म्हणाले होते.

घेतलं. पाच रुपये.

११ ऑगस्ट, गुरुवार

जाईबाईकडे चिठ्ठी. तिला लिहिता येत नाही, म्हणाली तूच लिही. मी लिहिलं: लिहून देणार कौसल्याबाई, शिक्षिका, कन्याशाळा, मूल. तिने वाचून दाखवायला लावलं, दोनदा. मग म्हणाली, "माह्या पोराचं नाव बी टाक. थो आला की घर त्याले लागन."

"कधी येणार?"

"येईन दिवारीत. नाईतर होरीले. नाईतर येतच नाई."

म्हणजे महिन्या-महिन्याचा करार. म्हटलं टाकते. मामाजी बाजूला बसून, त्यांना विचारलं साक्षीला अंगठा लावता का. लावला. साक्षीला चालतं म्हणाले.

१७ ऑगस्ट, बुधवार. पोळा

शां. बाईंच्या सासूबाई सकाळच्या गाडीने उतरल्या, माझी ट्रंक त्याच टांग्यातून परत निघाली. शां. बाई रडल्या, मीही. कंपाउंडर आज खोकलेच नाहीत.

घर सारवलं. चुन्याने भिंत रंगवली, संध्याकाळी चुना गळून खाली. संध्याकाळी मामाजींनी तळ्यातून मासे आणले, एका महिन्यानंतर. रस्सा केला, जाईबाईला वाटी दिली. ती म्हणाली मीठ कमी. मग स्वतःच मीठ घेऊन आली आणि आमच्याच पातेल्यात टाकून गेली.

मीठ जास्त झालं.

२९ ऑगस्ट, सोमवार

मो. बाई म्हणाल्या, "तिकडे? ढिवरपुऱ्यात? मग मुलींच्या आया काय म्हणतील?" म्हटलं, तीन मुलींच्या आया तिथेच राहतात, त्यांना विचारून सांगते. शांत राहून बोलले. वर्गात गेल्यावर फळ्यावर तारीख चुकीची लिहिली.

११ सप्टेंबर, रविवार

खिडकीवरून भांडण. मामाजींचं म्हणणं, मागच्या भिंतीत हातभर भोक पाडलं तर वारा येईल, भिंत सुकेल. जाईबाई दारात आडवी. "भिंत पडन! माह्या नवऱ्यानं बांधली थे!"

"तुह्या नवऱ्याले खिडकी येत नवती का?"

दोन दिवस बोलणं बंद. दोघंही निरोप माझ्यामार्फत. मी दुसरीचा वर्ग सांभाळून आले की पुन्हा हा वर्ग. ओली लाकडं, घरभर धूर, वह्यांना बुरशी. मुलींच्या वह्या चुलीवर धरून तपासते.

९ ऑक्टोबर, रविवार

सुमनची आई शाळेत येऊन गेली. ती मागची बाजू पुन्हा रिकामी. एक रेशन-कारकून ठेवला होता, महिन्यात पळाला, तीनदा उसने मागून. गोविंदभाऊ म्हणतात, बाईंनी पुन्हा विचार करावा. चिठ्ठी बाईंच्या नावाने करून देतो!

ऐकून दोन मिनिटं कानावर विश्वास बसला नाही. मग ती पुढचं म्हणाली. बारा रुपये. आणि मामाजी सोबत राहायलाच हवेत, एकटी बाई चालणार नाही. मासोळीचं तेच.

विचार करते म्हटलं.

घरी सांगितलं. मामाजी तंबाखू मळत राहिले.

"तुमाले काय वाट्टे?"

"तुहं नाव लिवते म्हनते?"

"हो."

"बरं हाये मंग." बस. मी रात्रीपर्यंत वाट पाहिली.

१ नोव्हेंबर, मंगळवार

शां. बाईंना मुलगी झाली. जाऊन आले. ओसरीवर आता सासूबाईंची बाज, तिच्याखाली बटाटे.

गोविंदभाऊंना अजून उत्तर दिलेलं नाही. रोज दुकानावरून जाते, रोज ते मान हलवतात, रोज मी "सांगते" म्हणते. मागून जाऊन खिडकी पाहिली. निंबाची पानं आतपर्यंत आली आहेत.

भिंत सुकलेली नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

गावाहून निरोप, शिंगाडे तयार झाले. थोरल्याला एकट्याला जमत नाही, मामाजींनी यावं. दोन महिन्यांचं काम तरी. मामाजी कालपासून जागेवर नाहीत, कावडीची दोरी बदलली, जाळं झटकलं. चेहरा उजळलेला, आणि मला दिसू नये म्हणून कपाळाला आठ्या.

ते गेले की गोविंदभाऊंची अट गेली, म्हणजे ते घर गेलं. मी थांबवलं तर थांबतील. हे मला माहीत आहे, म्हणून थांबवता येत नाही.

जाईबाईला विचारलं, मामाजी नसताना मी एकटी राहिले तर चालेल ना?

"एकली कुठी? मी का मेली?"

१६ नोव्हेंबर, बुधवार

मामाजी आज गेले. काल जेवताना शेवटचं विचारलं. म्हटलं, मामाजी, एकदा तरी सरळ सांगा. गोविंदभाऊंचं घर कोरडं आहे, उजेड आहे, माझ्या नावाने देतात. तुम्ही म्हणाल तर घेते, तुम्ही शिंगाडे काढून या. तुम्ही म्हणाल तर नाही घेत.

"मी सांगन त थे माह्यं घर होईन."

"मंग मी कोनाले विचारू?"

हात धुऊन उठले. "तुनं नॉर्मल इस्कूल केलं ना वो."

इतका राग आला. एवढं म्हणायला नॉर्मल स्कूल केलं का मी? पण पहाटे ते निघाले तेव्हा मी पाळीच्या टोकापर्यंत गेले सोबत. पाया पडले. ते म्हणाले, "पूस लागंपर्यंत येतो. नाई आलो त तू ये, शिंगाडे खाले." कावड डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली आणि चालायला लागले. मागे पाहायची त्यांना सवय नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

एकटीचा आठवडा. काहीही झालं नाही. कोणी आलं नाही, कोणी पळवलं नाही. जाईबाई माझ्या दारात बाज टाकून झोपते आणि इतकी घोरते की चोरच काय, वाघही यायचा नाही.

गोविंदभाऊंना सगळं सांगितलं, सासरे गावी गेलेत, दोन महिने येणार नाहीत. वाटलं सुटले. तर ते गादीवर बोटं वाजवत म्हणाले, "सुमनची माय मागे लागली आहे. सुमनले गणित येत नव्हतं, आता येऊन राह्यलं. एकल्या राहत असाल तरी द्या म्हणते. रविवारी सांगा. रविवारनंतर मी गिरणीवाल्याच्या जावयाले देतो."

आता अटही नाही. आता नाही म्हणायला कारण माझंच.

२६ नोव्हेंबर, शनिवार

उद्या रविवार.

शाळेतून आले तर दारात अनोळखी चपला, मोठ्या आणि छोट्या. जाईबाईचा मुलगा! बल्लारपूरहून, बायकोला घेऊन. जाईबाई हसते आहे, रडते आहे, मुलाच्या पाठीवर थापट्या मारते आहे. मुलगा नम्र. माझ्या ट्रंकेकडे, वह्यांकडे पाहिलं, हात जोडले. "तुमी बसा ना बाई. घर तुमचंच हाये. आमी दोन दिवस पडवीत राहू."

त्याच्या बायकोने माझ्यासोबत तांदूळ निवडले. मितभाषी पोरगी. विचारलं, दोनच दिवस का? ती म्हणाली, "त्याहिले माहीत."

भात शिजायला ठेवला. मागून कसला तरी आवाज, म्हणून वाकून पाहिलं. मुलगा त्या ओल्या भिंतीपाशी उभा राहून वितीने माप घेत होता. इकडून तिकडे, मग वरून खाली. जाईबाई हातात दिवा धरून बाजूला, काही बोलत नव्हती. जाईबाई आणि बोलत नाही!

सोळा वीत झाली. त्याने मोठ्याने म्हटलं, "सोळा," आणि बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

माप खिडकीसाठी होतं की दोघांनी इथे राहायला यायचं म्हणून, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आधी जेवणं होऊ देत, मग विचारते. भात उतू जातो आहे.